कापडी हत्तीचे पुढचे पाय

मुंबईहून परत आल्यावर शाळेतल्या सगळ्यांनी मला एकच विचारलं, समुद्र पाहिला का. पाहिला. गिरगावात नाटक सुटल्यावर चौपाटीवर भाजलेलं कणीस खात बसले होते, तेव्हा समोर समुद्र होता. बाकीचे दिवस बालनाट्यं, एक सर्कस आणि एक कापडाचा हत्ती यांतच गेले. आमच्या वडशाहून मुंबईला कोणी गेलं तर मोठ्या दवाखान्यात जातं किंवा मंत्रालयात खेटे घालायला जातं. मी मुलांची नाटकं बघायला गेले होते, हे ऐकून आमच्या मुख्याध्यापकांनी फक्त ‘अच्छा’ म्हटलं आणि वर्गांच्या वेळापत्रकाकडे वळले.

खरं तर आमचा भाग नाटकांचाच. नागपूरपलीकडच्या ह्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो, रात्री नाटक सुरू होतं आणि उजाडता संपतं. मुलं आईच्या मांडीवर ब्लँकेटात झोपतात, मारामारीच्या सीनला उठतात आणि पुन्हा झोपतात. पण मुलांसाठी निराळं नाटक, त्याची निराळी मंडळी, त्याला तिकीट काढून येणारे आईबाप, असलं काही आमच्याकडे नाही. शाळेच्या गॅदरिंगचं नाटक दरवर्षी मी बसवते आणि दरवर्षी त्यात झाड झालेली मुलं रडतात. दुसरीकडे हे कसं करतात ते एकदा बघावं, असं बरीच वर्षं मनात होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलं.

लालबाग

मी उतरले वैशालीकडे. नागपूरच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. ती मूळची चंद्रपूरची, लग्न होऊन लालबागला आली. आता फोनवर ‘चल ठेवते, नंतर करते तुला’ असं एका श्वासात म्हणून ती फोन ठेवून देते. चाळ पाडून बांधलेल्या उंच इमारतीत त्यांना घर मिळालं आहे. दार उघडलं तर समोरच फ्रिज आणि फ्रिजवर चादर पांघरलेलं काहीतरी भलं मोठं. मला वाटलं, गणपतीचं मखर असेल. मग चादरीखालून लोंबणारी सोंड दिसली.

‘तो भोपळू,’ वैशाली म्हणाली. ‘धड पलंगाखाली आहे. त्यावर बॅग ठेवू नकोस.’

भोपळू हा तिच्या नवऱ्याच्या नाटकमंडळीचा हत्ती. नाटक साधंच आहे. जंगलातल्या एका हत्तीची शिंक अडते. पोपट, माकड, अस्वल सगळे आपापले उपाय करून थकतात आणि शेवटी शिंक येते तेव्हा सगळं जंगल आडवं होतं. हत्तीत दोन माणसं असतात. पुढच्या पायांत मिलिंद. तो भायखळ्याचा, बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मागच्या पायांत वैशालीचा नवरा, सुहासराव. ते वरळीच्या एका छापखान्यात पुस्तकं बांधतात. पुढचा ताठ उभा राहतो. हत्तीचं वेताचं डोकं त्याच्या खांद्यावर, उजवा हात सोंडेत आणि डोळ्यांसमोर हत्तीच्या तोंडातली जाळी. मागचा कमरेत वाकून पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरतो. त्याला दिसतं ते फक्त पुढच्याचं बूड आणि रंगमंचाच्या फळ्या.

दोघांचं हे तरुणपणापासून चालू आहे. आता मिलिंदचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जात नाही, म्हणजे सोंड वर जात नाही, म्हणजे शिंक नाही. पट्टा मात्र धरता येतो. तेव्हा मंडळींनी ठरवलं, अदलाबदल करायची. सुहासराव पुढे, मिलिंद मागे. रविवारी दादरला पहिला प्रयोग होता.

वैशालीने हे सगळं पोळ्या लाटता लाटता सांगितलं आणि मग लाटणं थांबवून म्हणाली, ‘मंगे, शिंक आली की हत्ती मागच्या पायांवर धपकन बसतो. सगळ्यात मोठा हशा तिथे. तो ह्यांचा. आणि ह्या माणसाने इतक्या वर्षांत एक पोर हसताना पाहिलेलं नाही. नुसतं ऐकलंय.’

मला हे पटेना. प्रयोगानंतर तरी मुलं भेटत असतील की. तर नाही. त्यांच्या मंडळीचा नियम असा की हत्तीतली माणसं मुलांसमोर यायची नाहीत. शेवटी सगळे नट वाकून नमस्कार करतात तेव्हासुद्धा भोपळू हत्ती म्हणूनच वाकतो आणि आत जातो. मुलं घरी जाताना हत्ती हत्तीच राहिला पाहिजे. नियम चांगला आहे, पण त्याचा सगळा भार मागच्या पायांवर येतो.

यावर दोघांनी एक तोडगा काढला होता. प्रयोग झाला की सुहासराव मेकअपरूममध्ये सतरंजीवर पाठ सरळ करायला उताणे पडायचे आणि मिलिंद शेजारी बसून त्यांना चेहरे सांगायचा. कोण कुठल्या रांगेत होतं, कसं हसलं, कोणाच्या तोंडातलं वेफर पडलं. हे चेहरे सुहासराव घरी येऊन वैशालीला सांगायचे, त्यामुळे ते तिलाही पाठ होते. एकसारख्या टोप्या घातलेली जुळी, एकाला हसू आलं की दुसऱ्याला उचकी. कवळी हातात धरून हसणारे एक आजोबा. त्या रात्री जेवताना सुहासरावांनी मला ही सगळी मंडळी अशी सांगितली की कुणाला वाटावं, ती खालच्याच मजल्यावर राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्त्यावर उतरले आणि शिंकांनी हैराण झाले. मे महिन्यात लालबागमध्ये वर्षाचा मसाला करून घ्यायला बायका लांबून येतात. दुकानांसमोर मिरच्यांचे ढीग, आत कुटायची यंत्रं आणि हवेत मिरचीचा खकाणा. तिथल्या लोकांना काही होत नाही. मी मात्र खांबाला धरून उभी. सोबत आलेले सुहासराव रुमाल देतील असं वाटलं, तर ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

‘मंगलाताई, शिंक यायच्या आधी तुमची मान वर जाते की मागे?’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, मला माहीत नाही. मग पुढची येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच थांबलो. मान आधी मागे जाते आणि मग वर, असं ठरलं. आयुष्यात माझी शिंक कोणाच्या कामी येईल असं वाटलं नव्हतं.

गिरगाव

त्याच दुपारी मी एकटीच गिरगावात दुसऱ्या एका मंडळीचं नाटक पाहिलं. जुनं नाट्यगृह, लाकडी खुर्च्या आणि पंख्यांचा आवाज. आमच्याकडे मुलं ताडपत्रीवर सगळ्यांच्या पुढे बसतात, मोठी माणसं मागे. इथे ज्याचा जो नंबर तो तिथे, त्यामुळे पाच वर्षांच्या पोरापुढे सहा फुटी काका. पोरं खुर्चीच्या हातावर बसतात, तिथून घसरतात आणि पुन्हा चढतात. आईबापांचे अर्धे डोळे मोबाइलवर आणि उरलेले अर्धे पोरांवर. रंगमंचाकडे फार थोडे शिल्लक राहतात.

नाटकात एक राक्षस होता, शिंगं लावलेला. तो आला तशी पहिल्या रांगेतली एक मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. आमच्याकडे अशा वेळी राक्षस आणखी जोरात ओरडतो आणि लोक शिट्ट्या मारतात. इथला राक्षस तलवार खाली ठेवून पुढे आला आणि तिला म्हणाला, ‘रडू नको गं बाळा, मी इथे मागेच राहतो, ठाकूरद्वारला.’ ती गप्प झाली. मग तो मागे गेला, त्याने तलवार उचलली आणि राजकन्येला पळवलं. ह्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

मध्यंतरात बटाटेवडा. इथली माणसं नाटकाबद्दल एक वाक्य बोलतात आणि वड्याबद्दल चार. माझ्या पुढच्या आजींनी मला बजावून सांगितलं की इथला वडा पूर्वीसारखा राहिला नाही. मला तो चांगला वाटला, पण मी मान हलवली. नाटक सुटल्यावर एका दुकानात पीयूष प्यायले. ते इतकं गोड होतं की समुद्रावर कणीस खायची वेळ त्यामुळेच आली.

परळ

संध्याकाळी परळच्या एका व्यायामशाळेच्या हॉलमध्ये भोपळूची तालीम होती. एका बाजूला मल्लखांबाचा खांब, दुसऱ्या बाजूला भिंतीशी डंबेल्सची रांग आणि मधे जंगल. नाट्यगृह तालमीला मिळत नाही. दिवे, पडदे, सगळं एकदम प्रयोगालाच. मंडळी चालवणाऱ्या शुभदाबाई मला म्हणाल्या की त्या आता थकल्या आहेत. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. आवाजावरून त्या थकल्यासारख्या अजिबात वाटल्या नाहीत.

मिलिंदला तिथे पहिल्यांदा पाहिलं. उंच, बोलका माणूस. त्याने मला विचारलं की झाडीपट्टीत नाटकात खरा बैल आणतात हे खरं का. मी म्हटलं, एकदा आणला होता आणि त्याने नायिकेचा पदर खाल्ला. तो बराच वेळ हसला आणि सुहासरावांना ते पुन्हा सांगितलं, नसलेल्या दोन-तीन गोष्टी घालून. बैलाच्या शिंगांना त्याने झेंडूच्या माळाही बांधल्या.

मग दोघं कापडात शिरले. आणि झालं असं की कापड अंगावर पडताक्षणी सुहासराव कमरेत वाकले. इतक्या वर्षांची सवय. हत्तीचं डोकं जमिनीला टेकलं आणि सोंड पुढे लांब पसरली. मिलिंद मागे ताठ उभा राहिला, तर हत्तीच्या पाठीवर बैलासारखं वशिंड आलं. बाई ओरडल्या. सुहासराव सरळ झाले, मिलिंद वाकला. बाईंनी टाळी वाजवली की हत्तीने चालायचं. टाळी वाजली. हत्ती जागचा हलेना.

आतून मिलिंदचा आवाज आला, ‘अरे चल ना रे.’

‘तू ओढ ना,’ सुहासराव म्हणाले.

‘मी मागे आहे, सुहास. आता तू ओढायचं.’

मागच्याचं सगळं शिक्षण पट्ट्यातून झालेलं. पुढची कमर डावीकडे गेली की डावीकडे, थांबली की थांब. सुहासराव पुढे उभे राहून कोणाच्या तरी कमरेची वाट बघत होते. आणि मिलिंदला वाट बघायची सवय नव्हती. तो मागून चालू पडला तो थेट सुहासरावांवर आदळला. हत्ती मधून दुमडला आणि डंबेल्सवर जाऊन पडला. पोपट झालेली मुलगी हसून हसून खाली बसली. बाई हसल्या नाहीत.

कोपऱ्यात बाईंनी एक खोकं आणून ठेवलं होतं. त्यातून त्यांनी एक निळा हत्ती काढला, वाढदिवसाला भाड्याने मिळतो तसला. एकच माणूस आत शिरतो, कमरेला पंखा असतो, तो चालू केला की हत्ती हवेने टम्म फुगतो. माकडाचं काम करणाऱ्याने तो घालून दाखवला. हत्ती घुर्र आवाज करत डुलत होता. बसायला सांगितलं तर बसता येईना. हवा भरलेला हत्ती नुसता कलंडतो. तरी तो वेळेवर आत आला आणि वेळेवर बाहेर गेला, आणि बाईंचं तेवढंच म्हणणं होतं.

‘रविवारी तुम्ही दोघं करा,’ त्या म्हणाल्या. ‘जमलं तर छानच. नाही जमलं, तर सुट्टीतले पुढचे प्रयोग हा करेल. पोरांची तिकिटं काढून आलेल्या लोकांना मी काय सांगू?’

यावर कोणी वाद घातला नाही, कारण वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यानंतर दोघं हॉल बंद होईपर्यंत हत्तीत चालत राहिले. शेवटी शेवटी मिलिंद मागून हळू आवाजात सांगत होता, ‘चल. चल. आता वळ.’ हत्ती एक चक्कर नीट फिरला. शिंकेला सोंड वर गेली, आधी मागे आणि मग वर, माझ्या हिशेबाने. बसायच्या वेळी मात्र मिलिंद बसला तसे पुढे सुहासरावही बसले. वर्षानुवर्षं त्या जागी तेच बसत आले होते, पायांना दुसरं माहीतच नव्हतं.

काळाचौकी

शनिवारी आम्ही काळाचौकीच्या मैदानात सर्कस बघितली. वैशालीला शिवणकाम उरकायचं होतं. भोपळूचं नवं अस्तर तीच घालत होती. म्हणून मी आणि सुहासराव दोघंच गेलो. सर्कशीत आता जनावरं नसतात, त्यामुळे माणसंच जास्त उड्या मारतात. मणिपूरच्या मुली दोरीवरून उलट्या लोंबत होत्या, एक माणूस लोखंडी जाळीच्या गोळ्यात मोटरसायकल फिरवत होता, आणि मधून मधून जोकर. माझ्या शेजारचा एक मुलगा त्याच्या वडिलांना दर खेळानंतर विचारायचा, पप्पा, एलिफंट कब आएगा. वडील मराठी होते आणि मुलाशी हिंदीत बोलत होते. त्यांनी त्याला सांगितलं, एलिफंट गाव गया है.

तंबूत सगळीकडे उजेड होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की सुहासराव रिंगणाकडे पाहतच नाहीत. ते खुर्चीत तिरके बसले होते आणि समोरच्या बाजूच्या बाकांवरच्या पोरांकडे बघत होते. जोकर आपटला, पोरं हसली, आणि सुहासराव रांगेवरून नजर फिरवत गेले. एकेक चेहरा बघत.

मी म्हटलं, ‘मग भावोजी, दिसली की हसताना.’

‘ही त्याला हसतायत, ताई,’ ते म्हणाले. ‘आपल्याला हसताना बघायचीत. एकदा. मग हवेचा आणा नाहीतर पाण्याचा आणा.’

मी विचारलं, खांदा दुखायच्या आधी मिलिंदला कधी म्हटलं नाहीत का, एखाद दिवस तू मागे जा म्हणून. ते म्हणाले, नाही. त्याला वाईट वाटलं असतं, शिवाय तो इतकं छान सांगायचा. मग त्यांनी चण्याची पुडी माझ्यापुढे धरली आणि आम्ही मोटरसायकलचा खेळ पाहिला.

मला सर्कस आवडली, पण परत येताना दुसऱ्या दिवशीची काळजी वाटायला लागली होती आणि ती माझी नसून मला वाटत होती, याचा थोडा रागही आला.

दादर

रविवारी दुपारचा प्रयोग. दादरला आधी जेवलो, कोथिंबीर वडी आणि थालीपीठ. वैशालीने काही खाल्लं नाही. ती सारखी म्हणत होती की अस्तर काखेत कमी पडलं असणार. आम्हाला दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या दिल्या होत्या. कडेला मी, मग वैशाली, आणि तिच्या पलीकडे नातवंडांना घेऊन आलेले एक गृहस्थ. ते घंटा होण्यापूर्वीच झोपले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. नातवंडं मागच्या रांगेत मित्रांकडे निघून गेली. तेव्हा आमच्या त्या टोकाला मूल असं एकही नव्हतं.

अंधार झाला. पोपट आला, माकड आलं, अस्वल आलं. मग ढोल वाजला आणि विंगेतून सोंड दिसली. भोपळू आत आला आणि दोन पावलांवर त्याचं डोकं खाली गेलं. सवयीने. वैशालीने माझं मनगट धरलं. पण सोंड जमिनीवरून फिरली, मुलांना वाटलं हत्ती काहीतरी शोधतोय, आणि मागून कोणीतरी ओरडलं, तिकडे बघ तिकडे. डोकं हळूच वर आलं. मागचे पाय थांबून राहिले. मिलिंद वाट बघायला शिकला होता. हत्ती चालायला लागला तसं वैशालीने माझं मनगट सोडलं.

मग उपाय झाले. माकडाने सोंडेत पीस घातलं, अस्वलाने हत्तीला उलटं गाणं म्हणायला लावलं. मुलं प्रत्येक वेळी ‘आली आली’ म्हणून ओरडत होती आणि शिंक येत नव्हती. शेवटी मान मागे गेली, मग वर गेली, सोंड सरळ उभी राहिली आणि जी शिंक आली तिने जंगल आडवं केलं. मागचे पाय धपकन बसले. पुढचे पाय ह्या वेळी उभे राहिले. सगळं नाट्यगृह हसलं. मुलं तर हसलीच, पण त्यांच्या आईबापांनी मोबाइल खाली ठेवले. एका पोराला हसता हसता खोकला आला आणि त्याची आई त्याच्या पाठीवर थापट्या मारत स्वतः हसत होती.

हत्ती तसाच उभा राहिला. त्याने डोकं प्रेक्षकांकडे वळवलं आणि डावीकडून उजवीकडे फिरवलं, मग उजवीकडून डावीकडे. खूप वेळ. पोपटाने आपलं वाक्य म्हटलं, हत्ती हलेना. तिने ते पुन्हा म्हटलं. तो बघतच राहिला. मला वाटलं, बघतोय माणूस, डोळे भरून बघतोय, बघू दे. वैशाली पदराने डोळे टिपत होती आणि मला फार बरं वाटलं. नंतर कधीतरी मागून पट्टा हलला असावा, कारण हत्ती एकदम वळला आणि आत गेला.

शेवटी सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, भोपळूनेही केला, आणि हत्ती विंगेत गेला. माणसं उठायला लागणार तेवढ्यात बाई माइक घेऊन पुढे आल्या. थेट झाडीपट्टीतून, म्हणाल्या, एक शिक्षिका आपलं नाटक पाहायला आल्या आहेत, त्यांचा सत्कार करू या. आपल्याकडे सत्कारातून कोणी सुटत नाही. मला कोणीतरी जवळजवळ उचलूनच पायऱ्यांवरून वर नेलं, हातात नारळ आणि गुलाब दिला आणि रंगमंचाच्या मधोमध, जिथे हत्ती उभा होता तिथे, उभं केलं. हसून वैशालीकडे बघावं म्हणून मी समोर पाहिलं.

समोर काही नव्हतं. वरून आणि समोरून दिवे डोळ्यांत शिरत होते आणि त्यांच्यापलीकडे काळा पडदा टांगावा तसा अंधार. टाळ्या ऐकू येत होत्या. मी दुसऱ्या रांगेतली माझी स्वतःची खुर्ची शोधली, ती दिसली नाही. पहिली रांगही दिसली नाही. आमच्याकडे बांधीत लोकांच्या डोक्यावरही दिवे असतात, नट प्रेक्षकांतल्या माणसाला नावाने हाक मारतो, त्यामुळे रंगमंचावरून सगळं दिसतं असंच मी धरून चालले होते. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मीही डोकं फिरवून पाहिलं. मग मला कळलं की हत्ती इतका वेळ काय करत होता. जुळी, कवळीवाले आजोबा, सगळी मंडळी आठवली.

बाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काय बोलले ते आठवत नाही. विंगेत आल्यावर त्या म्हणाल्या की पुढच्या शनिवारीही हाच हत्ती, खोकं परत पाठवते, आणि निघून गेल्या. मी नारळ घेऊन मेकअपरूमच्या दाराशी गेले आणि आत जायचा धीर होईना म्हणून तिथेच थांबले.

आत सतरंजीवर मिलिंद उताणा पडला होता, डोळे मिटून, दुखरा हात छातीवर घेऊन. आजवर सुहासराव पडायचे तसा. सुहासराव खुर्चीवर बसून टॉवेलने तोंड पुसत होते. पुसून झालं तरी टॉवेल तोंडावरच होता. नंतर त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि मिलिंदकडे बघत राहिले.

‘इतकी वर्षं रे,’ ते म्हणाले.

मिलिंदने डोळे उघडले नाहीत. बाहेर मुलं पायऱ्या उतरत शिंका काढत होती, एकापेक्षा एक मोठ्या.

‘सांग ना,’ मिलिंद शेवटी म्हणाला. ‘मला आज काहीच दिसलं नाही. तुझं बूड सोडून.’

सुहासरावांनी टॉवेलची घडी घातली. ती मोडली आणि पुन्हा घातली.

‘दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला, एक पोरगी होती,’ ते म्हणाले. ‘पिवळा फ्रॉक.’

दुसऱ्या रांगेत अगदी कडेला मी होते. मिलिंदने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

‘दात पडलेले?’ त्याने विचारलं.

‘समोरचे दोन.’

‘आणि कशी हसली?’

‘तू बसलास ना, तशी हसली. आधी आवाजच नाही. नुसतं तोंड उघडं. मग आईच्या मांडीवर पडली.’

मिलिंदने डोळा पुन्हा मिटला. दुखरा हात त्याने छातीवर जरा वर सरकवला आणि पाय लांब केले.

‘आणि आई?’ तो म्हणाला.

सुहासरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते आईबद्दल सांगायला लागले.